जुनी वस्तू संग्रहालयाला द्यायची आहे? अर्ज, कागदपत्रे आणि बांधणी

संग्रहालयाचा लेखी होकार आल्याशिवाय वस्तू घराबाहेर काढू नका. न विचारता पाठवलेले खोके संग्रहालयाला धड दाखल करून घेता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही. मालकी कोणाची हेच कागदावर नसल्याने ते वर्षानुवर्षे भांडारात पडून राहते.

आधी योग्य जागा निवडा. मोडी कागद, सनदा, जुने पत्रव्यवहार असतील तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारावे, संस्कृत-प्राकृत पोथ्यांसाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी असा संसारी ऐवज राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या प्रकृतीचा. जिल्ह्याच्या ठिकाणी संग्रहालय असेल तर तिथेही जरूर विचारा. वस्तू आपल्या मुलखात राहिली तर तिचा संदर्भही शाबूत राहतो.

अर्ज म्हणजे साधे पत्रच. वस्तूचे नाव, धातू किंवा कापडाचा प्रकार, सेंटिमीटरमध्ये मापे, वजन, आणि समोरून, मागून, तळातून काढलेले फोटो द्या. मोजपट्टी फोटोत दिसू द्या. चीर, गंज, कसर लपवू नका, तिचा जवळून वेगळा फोटो जोडा. सर्वांत मोलाची माहिती घरातल्या मोठ्यांकडे असते: उदाहरणार्थ, लामणदिवा कोणत्या गावाहून आला, साधारण कोणत्या साली, कोणत्या कार्याला लावत. ती त्यांच्याकडून आजच लिहून घ्या.

देणारा मालक असला पाहिजे. वडिलोपार्जित वस्तूला सर्व वारसांचे सहीनिशी संमतीपत्र लागते. एका भावाने परस्पर दिलेली मूर्ती दुसऱ्याने परत मागितली की संग्रहालय अडचणीत येते. देवस्थानाची वस्तू तुमच्या घरी असली तरी निर्णय विश्वस्तांचा. नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेली नाणी-मूर्ती तर परस्पर देणगी म्हणून देताच येत नाहीत. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीच्या सापडलेल्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, 1972 प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष, म्हणजे कायद्याच्या भाषेत प्राचीन वस्तू, ठरू शकते. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला ही मर्यादा 75 वर्षांची आहे. दगड, धातू, लाकूड, हस्तिदंत यांतील मूर्तिकाम, चित्रे आणि सचित्र पोथ्या अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि मालकी किंवा ताबा बदलला की नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. नोंदणीपत्राची प्रत अर्जासोबतच द्या. हस्तिदंत, कातडी, शिंगे असतील तर वन विभागाला, तलवार किंवा बंदूक असेल तर पोलीस ठाण्याला आधी विचारा. यांतले काहीही कुरिअरने पाठवू नका.

होकार आल्यावर दानपत्र करतात. त्याला ओळखपत्राची प्रत आणि वस्तूंची क्रमवार यादी जोडावी. ‘कायम प्रदर्शनात मांडावी’ ही अट बहुतेक संग्रहालये मान्य करत नाहीत आणि ते रास्तच आहे. रंगीत कापड सतत उजेडात ठेवले तर विटते. आयकरातली देणगीवरची सवलत वस्तुरूप देणगीला मिळत नाही, तेवढ्यासाठी किंमत काढून घेण्याच्या भानगडीत पडू नये.

आता बांधणी. पहिले काम म्हणजे साफसफाई न करणे. चिंच किंवा पितांबरीने समई लख्ख होते, पण काळानुसार आलेला रंग आणि खाचांत बसलेले हळदीकुंकू, काजळी हे सगळे जाते. अभ्यासकाला तेच हवे असते. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

वर्तमानपत्र वस्तूला टेकू देऊ नका. शाई उतरते, आणि आम्लयुक्त कागद कापड, पोथी पिवळी पाडतो. आम्लरहित टिश्यू कागद नसेल तर कांजी काढलेले, धुऊन वाळवलेले मांजरपाट (जाडसर कोरे सुती कापड) वापरा. पैठणीची घडी घालू नका. तिच्यातली जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली धातूची बारीक पट्टी. ती घडीच्या रेषेवर तुटते, आणि एकदा तुटली की सांधत नाही. सात-आठ सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर आधी मांजरपाट, मग साडी सैलसर गुंडाळत न्या. वरून सुती नाडी बांधा, पण करकचून नको. पोथीची सुटी पाने आहेत त्याच क्रमाने दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून रुंद सुती फितीने बांधावीत. रबरबँड वितळून चिकटते. गुंडाळीचे मोडी कागद सपाट करायला जाऊ नये, गुंडाळीच ठेवावी.

साखळीचा दिवा असेल तर जे भाग सहज सुटतात ते सोडवून वेगवेगळे गुंडाळा आणि प्रत्येकाला पेन्सिलने क्रमांक लिहिलेली कागदी चिठ्ठी दोऱ्याने बांधा. स्टिकर नको. बबलरॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला असू द्या, नाहीतर रंगावर गोल ठसे उमटतात. आतले खोके बाहेरच्या खोक्यात ठेवून सर्व बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर फोमची भरती द्या. खोके हलवल्यावर आत काही सरकले तर बांधणी पुन्हा करा. एका माणसाला उचलता येईल इतकेच, म्हणजे पंधरा किलोपर्यंत वजन ठेवा. जड समईखाली पोथी दाबली जाण्याचे प्रकार एकाच खोक्यात सगळे कोंबल्यामुळेच होतात.

लाकडातून ताजा भुसा गळत असेल तर कीड जिवंत आहे. संग्रहालयाला तसे आधीच कळवा, नाहीतर ती भांडारभर पसरते. पावसाळ्यात कापड, कागद पाठवूच नये. प्लॅस्टिकमध्ये कोंडलेल्या ओलीने दोन-चार दिवसांत बुरशी धरते.

साध्या कुरिअरच्या अटींमध्ये प्राचीन वस्तूंची भरपाई सहसा नसते. शक्य असेल तर स्वतः नेऊन द्या, नाहीतर वाहतूक विमा कोण काढणार हे संग्रहालयाशी पत्राने ठरवा. यादीची एक प्रत खोक्यात, एक तुमच्याकडे, एक संग्रहालयाला आधीच पाठवलेली असावी. खोके उघडताना मोडतोड दिसली तर बांधणीचे सामान टाकू नका असे सांगून ठेवा, दाव्यासाठी ते लागते. वस्तू पोचल्यावर मिळते ती फक्त पोच. दाखल क्रमांक (संग्रहालयाच्या नोंदवहीतला वस्तूचा क्रमांक) असलेले पत्र काही आठवड्यांत आले नाही तर पाठपुरावा करा आणि ते पत्र दानपत्रासोबत जपून ठेवा.