टोमॅटोची घरगुती रोपे : नागपूर परिसर

टोमॅटोचे बी घरीच कपात, ट्रेमध्ये किंवा परसातल्या लहान वाफ्यात पेरून साधारण २५ ते ३० दिवसांत लावणीजोगे रोप तयार करण्याची पद्धत. नागपुरात बोलताना टोमॅटोला सर्रास ‘टमाटर’ म्हणतात. वऱ्हाडी व नागपुरी बोलींतला शब्द ‘भेदरं’. भेदराची चटणी म्हणणारी माणसे अजूनही भेटतात. धानासारखेच हेही पीक आधी एका जागी दाटीने पेरायचे आणि मग उपटून दुसरीकडे लावायचे. भंडारा-गोंदियाकडून आलेल्या माणसाला ‘पऱ्हे’ (लावणीसाठी वाढवलेली धानाची रोपे) म्हटले, की ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

टोमॅटो (सोलॅनम लायकोपर्सिकम) ही मूळची दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातली वनस्पती. मेक्सिकोत ती लागवडीखाली रुळली आणि पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. लिनीअसने तिला १७५३ मध्ये वांगी-बटाट्याच्या प्रजातीत बसवले. कुळ मिरचीचेही तेच. घरच्या बागेत या नात्याला व्यवहारी अर्थ आहे : ज्या कुंडीत आदल्या वर्षी वांगे किंवा मिरची मरून गेली, तिची माती टोमॅटोच्या रोपांना वापरू नये, कारण रोगही कुटुंबातच फिरतात.

हंगाम : नागपुरात पेरणीची तारीख चुकली, तर बाकी सारे नीट करूनही झाड मार्चमध्ये हिरवेगार उभे राहते आणि फुले गाळत बसते. टोमॅटोला फळ धरायला रात्रीचे तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस लागते. दिवसाचा पारा ३५ च्या वर चढू लागला, की परागकण निकामी होऊ लागतात. नागपूरचा मे महिना ४५ अंशांची भाषा बोलतो. तेव्हा फळधारणेचे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तिथून उलटे मोजायचे. फळे डिसेंबरअखेर हवीत, तर लावणी ऑक्टोबरच्या मध्यावर आणि पेरणी सप्टेंबरच्या मध्यावर. तारखा लक्षात राहत नसतील, तर पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ धरावा; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक निघून गेली, की बियांचे पाकीट उघडायला हरकत नाही.

थंड देशांतले मार्गदर्शन वाचून किंवा पाहून इथे पुष्कळांची फसगत होते. तिकडे शेवटच्या हिमतुषाराची तारीख धरून सहा ते आठ आठवडे आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, घरात दिव्याखाली व ऊबदार गादीवर बी टाकतात. नागपुरात हिशोब पहिल्या थंडीपासून करायचा असतो. फेब्रुवारीत पेरलेल्या बियांची रोपे देखणी होतात. फुलावर येतात एप्रिल-मेमध्ये, आणि मग व्हायचे ते होते. जूनमध्ये पेरून पावसाळी पीक घेता येते आणि शेतकरी घेतातही. पण त्यात बुरशी आणि विषाणू यांच्याशी सतत झुंज असते. चार कुंड्यांच्या हौशीसाठी ती कशाला?

बी : टोमॅटोचे बी चपटे, फिकट बदामी व अंगावर बारीक लव असलेले असते. एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया भरतात. चौकोनी कुटुंबाला सहा-आठ झाडे पुष्कळ झाली. म्हणून पाकीट कितीही लहान घेतले तरी बी उरतेच. कृषी सेवा केंद्रात सरळ वाण आणि संकरित असे दोन्ही प्रकार मिळतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा रुबी’ हा जुना सरळ वाण. त्याचे बी पुढच्या वर्षासाठी धरता येते. झाड उंच वाढते, आधार लागतो. बंगळूरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना तोंड देणारा म्हणून काढलेला आहे. बी गुलाबी किंवा निळसर दिसले, तर ते बुरशीनाशक लावलेले समजावे; पेरून झाल्यावर हात धुवावेत आणि पाकीट मुलांच्या हाती देऊ नये. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचे आहे आणि आज ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली येते. अशा संस्थांच्या शिफारशी असतात तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद गादीवाफ्यासाठी. दहा रोपांना त्या जशाच्या तशा लावण्यात अर्थ नाही.

माती : विदर्भाची काळी माती कपाशीला मानवते, रोपाच्या कपाला नाही. ती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली, चिकणमातीने भरलेली; भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा केसासारखी मुळे तुटतात किंवा गुदमरतात. त्याऐवजी धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग आणि चाळलेले गांडूळखत एक भाग घ्यावे. कोकोपीट नको असेल, तर चाळलेली माती, वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत समभाग. कच्चे शेण घालू नये. घरची माती वापरायचीच असेल, तर तिची तयारी मे महिन्यात होते : ओलसर माती पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून चार ते सहा आठवडे गच्चीवर ठेवायची. कुरड्या-पापडांच्या वाळवणाशेजारी हा एक गाठोडा तापत राहतो आणि मातीतल्या बऱ्याचशा बुरश्या मरतात. नागपूरच्या उन्हाचा असाही उपयोग.

भांड्याचे महत्त्व कमी. कागदी कप, दह्याचे डबे, ९८ घरांचा प्रो-ट्रे, काहीही चालते. बुडाला भोक हवे.

पेरणी : बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, एका कपात दोन. फार वरवर टाकले, तर कोंब बियांच्या टरफलाची टोपी डोक्यावर घेऊनच वर येतो आणि ती लवकर सुटत नाही. कप वर्तमानपत्राने किंवा ओल्या गोणपाटाने झाकून सावलीत ठेवावेत. २५ ते ३० अंशांत पाच ते आठ दिवसांनी कोंबाची वाकलेली मान दिसते. त्याच दिवशी झाकण काढायचे. उद्या काढू म्हणून ठेवले, की रोपे पांढुरकी, दोऱ्यासारखी लांब होतात. दोन्ही बिया रुजल्या, तर अशक्त रोप कात्रीने कापावे. ओढून काढल्यास शेजाऱ्याची मुळे दुखावतात.

पाणी आणि मर : नागपुरात वर्षाकाठी सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे रोपांचे बाळपण ओल्या, दमट हवेत जाते. या महिन्यात रोपे तहानेने क्वचितच मरतात, मायेने मात्र सर्रास मरतात. संध्याकाळी ताठ उभे असलेले रोप सकाळी आडवे पडलेले असते. मातीलगतचा देठ तपकिरी, पाणचट आणि सुतासारखा बारीक झालेला असतो. हीच रोपांची मर किंवा कोलमड. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतल्या बुरश्या ती घडवतात आणि सततचा ओलावा त्यांना बळ देतो. पडलेले रोप उठत नाही. ते मातीसकट काढून टाकावे, उरलेल्यांचे पाणी तोडावे आणि कप वाऱ्यात ठेवावेत. पेरण्यापूर्वी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी बियांना किंवा मातीत लावलेली असेल, तर धोका कमी होतो, संपत नाही.

खात्रीची सवय म्हणजे खालून पाणी देणे. परातीत दोन बोटे पाणी घेऊन त्यात कप पंधरा-वीस मिनिटे ठेवायचे आणि वरची माती ओलसर दिसली की उचलायचे. पुन्हा केव्हा द्यायचे, हे तारखेवर ठरवू नये. कप उचलून पाहावा. हलका लागला तर द्यावे, तेही सकाळी. आणि घरात पाणी घालणारा हात एकच असावा. आई, सून आणि आजोबा तिघांनी आपापल्या परीने काळजी घेतली, तर आठवड्यात कप रिकामे होतात.

ऊन : कोंब दिसल्यापासून रोपांना पूर्वेचे कोवळे ऊन हवे आणि पावसाच्या सरीपासून आडोसा. पावसाळ्यात कूलर उतरवला, की खिडकीबाहेर जो लोखंडी स्टँड मोकळा होतो, तो पूर्वेला असेल तर ट्रेसाठी चांगली जागा. वर छज्जा असतोच. आधी येतात ती दोन साधी, लांबट बीजपत्रे. टोमॅटोची ओळखू येणारी कातरलेली पाने त्यानंतर. रोज रोपांच्या शेंड्यांवरून हलका हात फिरवला, तर देठ जाड आणि आखूड राहतो. वाऱ्याच्या स्पर्शाला रोप जसा प्रतिसाद देते, तसाच हा.

पांढरी माशी पर्णगुच्छ विषाणू पसरवते. रोपावस्थेत लागण झाली, तर झाड पाने मुडपून खुजे राहते आणि त्यावर इलाज नाही. मच्छरदाणीची भोके तिला मोठी पडतात. ४० ते ५० मेशची (इंचाला तितकी भोके असलेली) नायलॉन जाळी लागते.

लावणी : रोप १२ ते १५ सेंटिमीटर उंच आणि चार-पाच खऱ्या पानांचे झाले, की तयार. त्याआधी आठवडाभर पाणी कमी करून ऊन रोज थोडे वाढवावे, नाहीतर ऑक्टोबरच्या चटक्यात पाने भाजतात. संध्याकाळी, पंधरा-वीस लिटरच्या कुंडीत किंवा जुन्या बादलीत लावावे, तेही खालची पाने खुडून, देठाचा बराच भाग मातीत जाईल इतके खोल. वांग्याला किंवा मिरचीला असे सहसा करत नाहीत. टोमॅटोच्या देठाला मात्र मातीत गाडलेल्या भागावर नवी मुळे फुटतात, त्यामुळे लांबट झालेले रोपही सावरते. पहिली पिकलेली फळे त्यानंतर साधारण दोन ते अडीच महिन्यांनी मिळतात.

बी धरणे : टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळते, म्हणून सरळ किंवा गावरान वाणाचे बी घरी धरले तरी वाण सहसा टिकतो. बाजारातले टमाटर बहुधा संकरित. त्याच्या बियांतून काय निघेल याचा भरवसा नसतो. निरोगी झाडाचे पूर्ण पिकलेले फळ कापून गर वाटीत काढावा, थोडे पाणी घालून एक-दोन दिवस आंबू द्यावा. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण रुजण्याला अटकाव करते. आंबल्यावर ते सुटते. मग चाळणीत धुऊन, स्टीलच्या ताटलीत पसरून सावलीत वाळवावे. कागदावर बी चिकटते. पुरते वाळलेले बी चार-पाच वर्षेही रुजते, पण ते मार्चमध्ये धरले जाते आणि पेरायचे असते पोळ्यानंतर. मध्ये नागपूरचा उन्हाळा असतो. घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, वाणाचे नाव आणि वर्ष लिहून ते ठेवतात.