शर्यतीच्या वायुशीतित एंजिनाची रस्त्यासाठी पुनर्बांधणी

हवेने थंड होणारे, मूळ शर्यतीसाठी घडवलेले जुने एंजिन पूर्ण उतरवून शहरी वाहतुकीत चालेल अशा रीतीने पुन्हा बांधण्याचे काम. कारागीर याला नुसते ‘एंजिन बांधणे’ म्हणतात. साध्या बांधणीत झीज भरून काढून कारखान्याची मूळ मापे परत आणायची असतात. येथे मात्र काही मापांपासून मुद्दाम दूर जावे लागते, आणि ती कोणती हे ठरवण्यातच बांधणाऱ्याची पारख दिसते. हौशी मंडळी याला ताकद वाढवण्याचे काम समजतात. प्रत्यक्षात ते ताकद कमी करून उष्णता आवरण्याचे काम आहे.

या प्रकारात बहुधा ब्रिटिश एकसिलिंडरी एंजिने येतात. नॉर्टन मँक्स (१९५४ पासून ८६ × ८५.६ मिमी.), एजेएस ७आर, मॅचलेस जी५० आणि मातीच्या शर्यतींसाठीचे जेएपी (८० × ९९ मिमी.) ही केवळ शर्यतीची. बीएसए गोल्ड स्टार हे सीमारेषेवरचे, कारण ते रस्ता व शर्यत या दोन्हींसाठी विकले जाई. त्याच्या नावामागची घटना मात्र निश्चित आहे : ३० जून १९३७ रोजी वॉल हँडली याने ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारून सुवर्णतारा मिळवला, त्यावरून हे नाव आले. पॉर्श ५४७ सारख्या मोटारीच्या एंजिनात हवा पंख्याने मारली जाते, त्यामुळे गाडी उभी असतानाही सिलिंडरवर वारा राहतो. मोटारसायकलच्या एंजिनाला ही सोय नाही.

उष्णता : शर्यतीत एंजिन सतत वाऱ्यात असते. वडोदऱ्यात न्यायमंदिराकडून मांडवीकडे संध्याकाळी जाणारी मोटारसायकल बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते आणि मे महिन्यात तेथली हवाच चाळिशीच्या वर तापलेली असते. सिलिंडरचे उष्णता सोडणारे पंख तेच, त्यांवरून जाणारा वारा मात्र जवळजवळ नाही. म्हणून पंखांच्या फटींतला जुना चिकटा व जाड तैलरंग काढून पातळ काळा रंग देतात. चकाकीसाठी क्रोम चढवणे टाळलेले बरे. पिस्टन व सिलिंडर यांमधली फट घट्ट करण्याचा मोह अनेकांना होतो. घडीव पिस्टन ओतीव पिस्टनपेक्षा सहसा अधिक फुगतो, तेव्हा थंड एंजिनाची खडखड ऐकून घ्यावी. पिस्टन धरण्यापेक्षा (सिलिंडरमध्ये अडकून बसण्यापेक्षा) ती परवडते.

संपीडन : पेट्रोलवरच्या शर्यती एंजिनाचे संपीडन गुणोत्तर (पिस्टन वर येताना मिश्रण कितीपट दाबले जाते ते) दहा-अकरा, तर मेथॅनॉल या अल्कोहॉलवर धावणाऱ्या जेएपीचे तेरा-चौदापर्यंत असते. बुलेट ३५० चे जुने ओतीव लोखंडी एंजिन साडेसहाच्या आसपास चाले, यावरून अंतर लक्षात यावे. गुणोत्तर उतरवण्याचे दोन मार्ग आहेत : सिलिंडरच्या बुडाशी धातूची चकती घालणे किंवा बुटक्या माथ्याचा पिस्टन बसवणे. चकतीचा मार्ग स्वस्त म्हणून लोकप्रिय आहे, पण त्याचे गणित क्वचितच मांडले जाते. जेएपीचे गुणोत्तर १४ वरून ८.५ वर आणायचे तर ज्वलनकक्षात सुमारे २८ घन सेंमी. जागा वाढवावी लागते आणि ८० मिमी. व्यासाच्या सिलिंडरला त्यासाठी साडेपाच मिलिमीटरहून जाड चकती लागते. इतकी जाड चकती घातली की झडपा उघडणारे ढकलदांडे अपुरे पडतात. मँक्सचे ११ वरून ९ वर आणायला दोन मिलिमीटरच्या आसपास चकती पुरते. तेथेही झडपा उघडणाऱ्या कॅमकडे जाणाऱ्या उभ्या दांड्याचा जोड तितकाच लांबवावा लागतो, आणि साखळीवर कॅम फिरणाऱ्या एंजिनात झडपांचा वेळ पुढे सरकतो. शिवाय ज्या हेडमध्ये पिस्टनची कड हेडच्या अगदी जवळ येऊन मिश्रण मध्याकडे दाबते, तेथे ही जवळीक नष्ट झाल्याने कमी गुणोत्तरातही मिश्रण अवेळी पेटल्याचे ठोके ऐकू येतात. चकतीचे समर्थक ‘पुन्हा काढता येते’ असे म्हणतात व ते खरे आहे. तरीही मिलिमीटर-दीड मिलिमीटरपलीकडे पिस्टनच बदलावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मेथॅनॉलकडून पेट्रोलकडे येताना आणखी एक गोष्ट घडते. मेथॅनॉलची बाष्पीभवनाची उष्णता पेट्रोलच्या सुमारे तिप्पट, आणि एका भागाला हवा लागते साडेसहा भागांच्या आत, पेट्रोलला १४.७. म्हणजे इंधन दुपटीहून जास्त जाते व जाता जाता एंजिन थंड करते. ही छुपी शीतनयंत्रणा इंधनाबरोबर निघून जाते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा परिणाम दुहेरी आहे. त्याने ऑक्टेन (ठोके टाळण्याची क्षमता) वाढतो, पण कार्ब्युरेटरमधील इंधन सोडणाऱ्या जुन्याच जेटवर मिश्रण पातळ होऊन हेड तापते. म्हणून मुख्य जेट थोडा मोठा घ्यावा. काचतंतूच्या जुन्या टाक्या त्याने मऊ पडतात. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना शहराच्या वेशीवर असला, तरी पंपावर मिळते ते हेच पेट्रोल.

वंगण : या एंजिनांत पूर्वी एरंडेल वापरीत, आणि सर्वाधिक गोंधळ त्याबाबतच आहे. एरंडेलातील मेदाम्लांपैकी सुमारे नव्वद टक्के रिसिनोलेइक अम्ल असते. त्याच्या रेणूवरील हायड्रॉक्सिल गटामुळे ते तापल्या धातूला धरून राहते. खनिज तेल जेथे पातळ होऊन सरकते तेथे एरंडेलाचा थर टिकतो. ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही, म्हणून १९०८-०९ च्या सुमारास आलेल्या नोम या फिरत्या सिलिंडरांच्या विमानएंजिनात त्याची निवड झाली. उलट अल्कोहॉलमध्ये ते विरघळते, म्हणून मेथॅनॉलवरील शर्यतींत ते टिकून राहिले. १९०९ मध्ये चार्ल्स वेकफील्ड याच्या कंपनीने आपल्या तेलाला दिलेले कॅस्ट्रॉल हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आले, याबद्दल एकमत आहे. त्या ‘कॅस्टर’ शब्दाबद्दल मात्र नाही. एक मत असे, की बीव्हर या प्राण्याच्या ग्रंथींतून मिळणाऱ्या कॅस्टोरियम या औषधाची जागा एरंडेलाने घेतली व नावही घेतले. दुसऱ्या मतानुसार वेस्ट इंडीजमध्ये एरंडाची गल्लत निर्गुडीच्या कुळातल्या आग्नुस कास्टुस या झुडपाशी झाली. शब्द अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ झालेला दिसतो. वनस्पतीचे नाव वनस्पतीला चिकटणे अधिक स्वाभाविक, इतकेच येथे म्हणता येईल. गुजरातीतील दिवेल हे नाव दिव्यावरून आले हे उघड आहे. भारतातील एरंडाच्या पिकाचा सिंहाचा वाटा गुजरातचा आहे, आणि वडोदऱ्याच्या मराठी घरांतून वर्षाच्या गव्हाला अजूनही एरंडेल चोळतात.

रस्त्यावर या तेलाचे गुण दोष ठरतात. गाडी आठवडाभर उभी राहिली की ते हवेशी संयोग पावून राळेसारखे घट्ट होते, रिंगा खाचांत चिकटतात व तेलाच्या बारीक वाटा बुजतात. वरून खनिज तेल ओतणे ही नेहमीची चूक. दोन्ही एकजीव होत नाहीत, गाळ धरतो. क्रँक उघडून भाग स्पिरिटने धुवावेत; रॉकेलने एरंडेल पुरते जात नाही, आणि राळ झालेला थर भिजवून खरवडूनच निघतो. शर्यती जेएपीमध्ये तेल एकदा फिरून बाहेर पडते. रस्त्यासाठी त्याला परतीचा पंप व टाकी द्यावी लागते.

इतर भाग : शिसेयुक्त पेट्रोल भारतात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाल्याने शिशाचे संरक्षण जाऊन झडपांच्या जुन्या बैठका झिजतात, म्हणून कठीण पोलादी कडी बसवतात. शर्यतीचा थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग शहरात काजळतो, म्हणून एक-दोन पायऱ्या गरम प्लग घ्यावा. अ‍ॅमल जीपी कार्ब्युरेटर मंद गतीवर नीट राहत नाही. दिवे, डायनॅमो, किक यांची जागाच मूळ केसिंगमध्ये नसते. दोन-स्ट्रोक एंजिनांत, उदाहरणार्थ भारतात १९८३ पासून निघालेल्या राजदूत ३५० मध्ये, शर्यतीसाठी कानस मारून मोठे केलेले पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतील वायूच्या वाटा) परत लहान होत नाहीत. नवा लायनर (सिलिंडरचा आतला नळा) घालणे हाच उपाय.

वडोदरा : सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या साहाय्याने १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात यंत्रविद्या शिकवली जाई; पुढे ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले. बोअर (सिलिंडर कोरणे), होनिंग (तो घासून गुळगुळीत करणे) व क्रँक सरळ करण्याची कामे मकरपुरा औद्योगिक वसाहतीत होतात. जुन्या वाहनांचे मोठे प्रदर्शन जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात भरले होते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक दिला. त्यासाठी नव्या नोंदणीस २०,००० रुपये लागतात, एंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही, आणि वाहन प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कारणांपुरतेच रस्त्यावर आणता येते. म्हणजे प्रस्तुत नोंदीतील पुनर्बांधणी या नियमाच्या कडेवर उभी आहे. जाणते कारागीर म्हणूनच काढलेला मूळ पिस्टन, कॅम व जेट तेल लावून, चिठ्ठी बांधून डब्यात ठेवतात आणि डबा मालकाच्या हाती देतात.