लॉस एंजेलिस लाल का दिसतं?

अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एक नकाशा अधूनमधून फिरतो. 'फेमा' या तिथल्या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा 'नॅशनल रिस्क इंडेक्स'. तीन हजारांवर काउंट्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग), जोखमीनुसार लाल-निळ्या रंगवलेल्या; लाल म्हणजे जोखीम जास्त. त्यात लॉस एंजेलिस काउंटी देशात पहिली. मग कुणीतरी लिहितंच, "बापरे, तिकडे घर नको!"

पण तो आकडा एका घराचा नाही, अख्ख्या काउंटीचा आहे. लॉस एंजेलिसमध्ये सुमारे एक कोटी लोक राहतात, घरंही महाग. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती. तिथे कितीही मोठं वादळ आलं तरी मोडायला आहे काय?

या आकड्यासाठी हिमस्खलनापासून ज्वालामुखीपर्यंत १८ धोक्यांचं अपेक्षित वार्षिक नुकसान काढतात. हिशेब साधा आहे. समजा, पुराच्या वाटेत १,००० कोटी डॉलरच्या इमारती आहेत, पूर ५० वर्षांतून एकदा येतो आणि आला की ५ टक्के मालमत्ता जाते. म्हणजे वर्षाला सरासरी १ कोटी डॉलर. माणसंही पैशातच मोजली जातात: २०२३ च्या आवृत्तीत एका जिवाचे १ कोटी १६ लाख डॉलर, आणि दहा जखमी म्हणजे एक मृत्यू. ऐकायला क्रूर वाटतं, पण एरवी माणसं आणि इमारती एका बेरजेत येणार कशी? शेवटी तिथल्या लोकांची सामाजिक दुर्बलता आणि सावरण्याची ताकद पाहून आकडा वरखाली करतात.

खरी गंमत त्या '५ टक्क्यां'त आहे. एखाद्या काउंटीत नोंदलेले पूर दोनच असतील, एकात काहीच गेलं नाही आणि दुसऱ्यात निम्मं गाव गेलं, तर सरासरी कोणती धरायची? दोन डाव खेळलेल्या फलंदाजाच्या सरासरीवर कोण विश्वास ठेवील? इथे बेज या गणितज्ञाच्या पद्धतीचं भारांकन, म्हणजे सरासऱ्यांना कमीजास्त वजन देणं, कामाला येतं. काउंटीचा स्वतःचा अनुभव, आसपासच्या प्रदेशाचा आणि देशाचा, अशा सरासऱ्या घ्यायच्या. जिच्यातले आकडे कमी विखुरलेले, म्हणजे विचरण कमी, तिला जास्त वजन. वजन विचरणाच्या व्यस्त प्रमाणात. ज्या काउंटीची स्वतःची नोंद तोकडी, ती शेजाऱ्यांकडून अनुभव उसना घेते. भूकंपाला मात्र ही युक्ती पुरत नाही. मोठे भूकंप इतके विरळ की त्यांचं नुकसान भूकंपशास्त्रीय प्रतिमानांतून (मॉडेल्समधून) काढावं लागतं.

यात 'अमुक तारखेला येणार' असं काही नसतं. ग्रहांची युती पाहून भूकंपाची तारीख सांगणाऱ्यांचा धंदा वेगळा. 'हवामानबदलापासून सुरक्षित' म्हणून शहरं विकणारे दलालही मला त्यांच्याच पंगतीतले वाटतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या बंकम काउंटीतलं ॲशव्हिल हे डोंगरातलं शहर असंच सुरक्षित मानलं जात होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पावसाने फ्रेंच ब्रॉड नदी शहरात घुसली. या नदीने १९१६ च्या जुलैतही ॲशव्हिल बुडवलं होतं. पण निर्देशांकाची पुरांची नोंदवही १९९६ पासून सुरू होते.