पूर ओसरला, पण बोर्डावरचा गाळ तसाच

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत शिरलं तेव्हा मावशीचं वॉशिंग मशीन निम्मं बुडालं. पाणी गेल्यावर आम्ही कंट्रोल बोर्ड काढला, मिळेल तेवढ्या उन्हात आठ दिवस गच्चीवर वाळवला, परत बसवला आणि मशीन चालूपण झालं, सगळी खूश. गणपतीत एका भुरभुर पावसाच्या सकाळी आतनं चट् चट् आवाज, जळका वास, आणि एमसीबी पडला.

उघडून बघितलं तर रिलेच्या, म्हणजे विजेनं चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या, दोन पायांच्या मधे झाडाच्या मुळीसारखी फाटे फुटलेली काळी रेघ. अंतर चांगलं सहा मिलिमीटर. कोरडी हवा मिलिमीटरला साधारण ३००० व्होल्ट सोसते, आणि घरातला २३० व्होल्टचा सप्लाय शिखराला गेला तरी ३२५ च्या आसपास. म्हणजे करंट हवेतनं गेलाच नव्हता, बोर्डाच्या अंगावरनं सरपटत गेला होता.

गाळ वाळला तरी त्यातले क्षार तिथंच चिकटून राहतात आणि पावसाळी हवेत, बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसं ओल धरतात. त्या ओलीतनं बारीकसा करंट सुरू होतो, त्या गरमीनं मधेच एक अरुंद पट्टी वाळते, मग सगळा व्होल्टेज तेवढ्याच पट्टीवर येतो आणि ठिणगी उडते, ठिणगीनं खालचं इपॉक्सी, म्हणजे बोर्ड ज्याचा बनतो ते राळेसारखं प्लॅस्टिक, जळून कार्बन होतो, आणि कार्बन तर वीज वाहून नेतो! परत ओल आली की रेघ आणखी थोडी पुढं. ह्याला ट्रॅकिंग म्हणतात.

इन्सुलेशनची ह्यासाठी वेगळी टेस्टच आहे. प्लॅटिनमचे दोन इलेक्ट्रोड ४ मिलिमीटरवर टेकवून मधे दर ३० सेकंदांनी एक असे ५० थेंब टाकतात, आणि ते साध्या पाण्याचे नाहीत, ०.१ टक्का अमोनियम क्लोराईडचे. खरा घात क्षार करतो म्हणून.

तेव्हा बुडालेला बोर्ड नुसता वाळवू नका, आधी धुवून घ्या. वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरपण चार्ज असू शकतो, म्हणून हे काम जाणत्या मेकॅनिककडनंच करून घ्या, मऊ ब्रश आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड, मग पूर्ण वाळवण. बऱ्याच बोर्डांवर ऑप्टोकपलरच्या (तारेऐवजी प्रकाशानं सिग्नल पलीकडं पोचवणारी चिप) खाली लांबट खाच कापलेली असते, ती ह्या सरपटणाऱ्या करंटची वाट तोडायलाच असते, त्यात गाळ बसला असेल तर टूथपिकनं कोरून काढायला सांगा.