अंब्रेला पाम: पाण्यात पाय ठेवून वाढणारा लव्हाळा

रोपवाटिकेत अंब्रेला पाम म्हणून मिळणारे झाड पामच्या कुळातले नाही. त्याचे शास्त्रीय नाव सायपरस इन्व्हॉल्युक्रॅटस. शेतातल्या नागरमोथ्याचा हा भाऊबंद, मूळचा आफ्रिकेतल्या ओढ्याकाठचा. पाम समजून ‘माती वाळली की पाणी’ या शिस्तीत त्याला ठेवले, की पात्यांची टोके करपू लागतात. इतर झाडांना मारणारे साचलेले पाणी याला मानवते, कारण त्याच्या दांड्यांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्यांचे जाळे असते. वरची हवा त्यातून चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते.

लागवडीसाठी तळाला भोक नसलेली, निदान बारा इंच रुंद कुंडी घ्यावी, किंवा भोकाची कुंडी पाण्याच्या टबात ठेवावी. दोन भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले गांडूळखत पुरते. कोकोपीट टाळावे, ते पाण्यावर तरंगते. कच्चे शेण तर अजिबात नको; साचलेल्या पाण्यात ते हवेविना सडते, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि मुळे काळी पडतात. वर बोटभर जाडीचा खडीचा थर द्यावा आणि पाणी मातीच्या वर दोन ते पाच सेंटिमीटर ठेवावे. रोज चार-पाच तास ऊन हवे. सावलीत दांड्या लांबतात आणि आडव्या पडतात. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र दुपारची सावली द्यावी.

साचलेल्या पाण्यात डास होतात, हा यातला सर्वांत गंभीर प्रश्न. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो, त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा टब रिकामा करून आतल्या कडा ब्रशने घासाव्यात. टब मोठा असेल तर गप्पी मासे सोडावेत. ही तयारी नसेल तर भोकाची साधी कुंडी घेऊन माती सतत ओली ठेवावी. झाड तेवढ्यावरही चांगले जगते, पण उन्हाळ्यात दिवसातून दोन वेळा पाणी द्यायला चुकता कामा नये.

छाटणीत बहुतेकांची गफलत होते. पिवळी दांडी मधूनच कापतात आणि खालून फुटव्याची वाट पाहतात. फुटवा येत नाही. गवताच्या काडीला पेरे असतात; ही दांडी मुळापासून छत्रीपर्यंत सलग असते आणि वरच्या फुलोऱ्याशी तिची वाढ संपते. नवी दांडी जमिनीतल्या खोडातूनच निघते. म्हणून वाळकी दांडी बुडाशी कापावी. गड्ड्यात उजेड शिरतो आणि नव्या कोंबांना जागा होते.

रोपे करण्याची रीत मोठी सुंदर आहे. छत्रीसारखी पसरलेली पाती खरे तर छदे, म्हणजे फुलोऱ्याखालची पाने, आहेत आणि त्यांच्या बेचक्यांत झोपलेले डोळे असतात. हिरवी, जून पण फुलोरा न वाळलेली छत्री पाच सेंटिमीटर दांडीसह कापा. पाती तीन-चार सेंटिमीटर ठेवून छाटा, म्हणजे बाष्पीभवन कमी होईल. मग दांडी वर आणि छत्री खाली अशी पाण्यात सोडा, म्हणजे बेचके बुडलेले राहतात. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत मुळे आणि कोंब दिसतात, थंडीत जास्त वेळ लागतो. कोंब आठ-दहा सेंटिमीटर झाले की बेचके जेमतेम झाकतील इतक्या मातीत लावा. पिवळी छत्री वापरली तर ती सडते.

याच सायपरस गटातल्या उंच पपायरसला ही युक्ती तितकी भरवशाची नाही. त्याचा गड्डा पावसाळ्याच्या तोंडावर धारदार सुरीने फोडावा, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब ठेवावेत. तो तीन-चार मीटर वाढतो. वाऱ्याच्या गच्चीवर त्याच्या दांड्या मोडतात, तिथे बुटका पपायरस बरा.

पाणी भरपूर असूनही टोके तपकिरी होत असतील तर बोअरच्या पाण्यातले क्षार तपासा. भोकाची कुंडी असेल तर महिन्यातून एकदा भरपूर पाणी वाहू द्यावे. बिनभोकाच्या कुंडीत क्षार साठतच जातात, तिथे पाणी पूर्ण बदलावे. खत वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी, विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) लिटरला एक ग्रॅम. टबात ओतू नका, शेवाळ माजते.

नव्या रोपाच्या मातीतून नागरमोथाही येतो. त्याची लांब पाती बुडाशीच फुटतात. अंब्रेला पामच्या बुडाशी फक्त तपकिरी आवरणे असतात. नागरमोथा नुसता उपटला तर गाठी खाली राहतात, म्हणून माती उकरून त्या वेचाव्या लागतात.

परदेशातल्या थंड प्रदेशात दिसणारे पिवळ्या पट्ट्यांचे जपानी केरेक्स, म्हणजे लव्हाळ्याच्याच कुळातली शोभेची झाडे, आपल्या मैदानी उन्हाळ्यात टिकत नाहीत. ते महाबळेश्वरसारख्या हवेतच लावावेत. अंब्रेला पामची छाटण मात्र कुठेही असलात तरी नाल्यात किंवा नदीत टाकू नका. ओल्या काठावर ती रुजते, आणि ऑस्ट्रेलियात हे झाड असेच बागेबाहेर पसरले आहे. छाटण उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात घाला.