जलरोधक धातुशोधक

जमिनीत पुरलेली किंवा पाण्याच्या तळाशी पडलेली धातूची वस्तू आवाजाने आणि पडद्यावरच्या आकड्याने दाखवणारे, पाण्यात बुडवूनही चालणारे हातातले उपकरण. हरवलेल्या अंगठ्या, किल्ल्या आणि जुनी नाणी शोधणारे हौशी लोक, पोलीस तपास पथके, पाणबुडे आणि पुरातत्त्वज्ञ ते वापरतात. गोड्या पाण्याच्या तलावात हे यंत्र जवळजवळ जमिनीवरच्यासारखेच काम करते. फरक पडतो तो माणसाच्या कामात: पाण्यात वस्तू सापडते सहज, हाती मात्र सहज लागत नाही.

कार्यतत्त्व

दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात आवर्त प्रवाह उपजतात आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. मूळ तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेल्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचेच. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी अशाच उपकरणाने शोधून पाहिली. खाटेच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी संकेत बिघडवले आणि डॉक्टरांनी एकाच कुशीवर शोधू दिले, त्यामुळे गोळी सापडली नाही. गेरहार्ड फिशर यांना अमेरिकेत १९३७ मध्ये हातात धरून न्यायच्या धातुशोधकाचे पेटंट मिळाले. पोलंडचे लष्करी अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी दुसऱ्या महायुद्धात घडवलेला सुरुंगशोधक १९४२ च्या एल अलामीनच्या लढाईत वापरला गेला.

आजची बहुतेक यंत्रे अतिनीच वारंवारतेवर, म्हणजे ३ ते ३० किलोहर्ट्झच्या आसपास चालतात; काही त्याहूनही वर जातात. वारंवारता कमी असली की चांदी-तांब्याच्या मोठ्या वस्तू चांगल्या कळतात, जास्त असली की सोन्याचा बारीक तुकडा. म्हणून एकाच वेळी अनेक वारंवारतांवर काम करणारी यंत्रे आली. दुसरा प्रकार स्पंदन प्रवर्तनाचा, त्याला पल्स इंडक्शन म्हणतात. त्यात प्रवाहाचे जोरदार ठोके देऊन, प्रत्येक ठोक्यानंतर धातूतला प्रवाह किती वेळात ओसरतो ते पाहिले जाते. खारे पाणी आणि खनिजयुक्त वाळू त्याला फारशी अडवत नाहीत, पण लोखंड आणि सोने यांतला भेद त्याला नीट सांगता येत नाही. गोड्या पाण्यात त्याची गरज क्वचितच पडते.

वस्तू किती खोलवर असताना कळते याबद्दल जाहिरातींतून अवास्तव समज पसरले आहेत. चकतीच्या मानाने वस्तू लहान आणि दूर असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर परतणारा संकेत सुमारे ६४ पट क्षीण होतो. बरी जमीन असेल तर नाण्याएवढी वस्तू साधारण २० ते ३० सेंटिमीटरवर कळते. जास्त ताकदीच्या यंत्राने हा आकडा थोडासाच सरकतो. चकती जमिनीला किंवा तळाला जवळजवळ टेकवून फिरवण्याचा फायदा त्याहून मोठा असतो, आणि तो फुकट मिळतो.

जमिनीवर

मातीतही लोहखनिजे असतात आणि तीही उत्तर देतात. ते उत्तर वजा करण्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात: धातू नसलेल्या जागी चकती वर-खाली हलवून यंत्राला त्या मातीची ओळख करून द्यायची. लाल लोहमाती, अग्निजन्य खडकाची झीज आणि मॅग्नेटाइटची काळी वाळू यांवर ही पायरी गाळली तर यंत्र एकतर अखंड बरळते नाहीतर खरा संकेत गिळून टाकते.

पडद्यावरचा आकडा धातूची संवाहकता, आकार आणि जाडी यांचा एकत्र परिणाम सांगतो. धातूचे नाव सांगत नाही. लोखंड खालच्या टोकाला येते, चांदी आणि तांबे वरच्या. मधल्या पट्ट्यात सोन्याची अंगठी, ॲल्युमिनियमचा कागद आणि पेयाच्या डब्याची ओढकडी एकमेकांत मिसळतात. म्हणून कचरा टाळायला मधले आकडे बंद करणारा माणूस सोनेही बंद करतो. सोन्याच्या बारीक साखळीचे तर मोठे लचांड: तिची प्रत्येक कडी वेगळी वस्तू असल्यासारखी वागते, त्यामुळे वजनाच्या मानाने तिचा आवाज फार दुबळा येतो. खणताना गवताचा थर तीन बाजूंनी कापून उलटायचा, पिनपॉइंटरने, म्हणजे हातात मावणाऱ्या छोट्या शोधकाने, नेमकी जागा पाहायची आणि खड्डा बुजवून माती दाबायची. उघडे टाकलेले खड्डे हेच अनेक उद्यानांत या छंदावर बंदी येण्याचे कारण आहे.

जलरोध म्हणजे किती

पाणी टाळण्याच्या क्षमतेचे आकडे नीट वाचले पाहिजेत. धूळ आणि पाणी रोखण्याच्या आयपी या मानांकनात आयपी ६७ चा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. आयपी ६८ मध्ये त्याहून कठीण कसोटी असते, पण किती खोल आणि किती वेळ हे निर्माता ठरवतो. अनेक यंत्रांत फक्त चकती जलरोधक असते आणि नियंत्रणपेटी पावसाचे थेंबही सोसत नाही. ती काठावरून गुडघाभर पाण्यापर्यंतच न्यावीत. मायनलॅब इक्विनॉक्सची पहिली मॉडेले ३ मीटरपर्यंत बुडवता येतात, एक्सपी ड्यूस २ हे २० मीटरपर्यंत. तीन मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० ग्रॅम जास्तीचा भार येतो, वीस मीटरवर २ किलो. दोन्हींच्या झाकणांची बांधणी वेगळी का असते ते यावरून कळावे.

पाणी आत शिरते ते बहुधा बॅटरीच्या झाकणातून आणि हेडफोनच्या खाचेतून. झाकणाची फट बंद करणाऱ्या रबरी कड्यावर, म्हणजे ओ-रिंगवर, वाळूचा एक कण पुरतो. उन्हात तापलेले यंत्र थेट थंड पाण्यात बुडवणे हे दुसरे कारण. आतली हवा आकसते, दाब उतरतो आणि पाणी फटीतून आत ओढले जाते. आधी सावलीत निवू द्यावे, हा साधा नियम महागडी यंत्रे वाचवतो. ब्लूटूथचे हेडफोन पाण्याखाली मुके होतात, कारण त्यांच्या वारंवारतेच्या रेडिओ लहरी पाण्यात थोड्याच अंतरात विरतात. तेथे तारेचे जलरोधक हेडफोन लागतात किंवा कंप देणारा दांडा.

तलावात

समुद्राच्या पाण्याची संवाहकता गोड्या पाण्याच्या शेकडो पट असते, म्हणून किनाऱ्यावर यंत्र पाण्यालाच धातू समजू शकते. तलावात हा त्रास नसतो. तेथे आडवा येतो तो पाण्याचा अवरोध. चकती भराभर फिरवता येत नाही, दांडा वाकतो, सैल वायर हलली तरी खोटे संकेत येतात. पोकळ चकती वर तरंगू पाहते आणि ती तळापासून पाच सेंटिमीटर वर राहिली तर तेवढी खोली हातची गेली. फिरवणे हळू, अर्धवर्तुळ लहान आणि वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली, ही तलावातली रीत.

तलावाला भरती-ओहोटी नसते. त्यामुळे वस्तू जेथे पडली त्याच्या जवळपासच राहते, आणि शोधाची जागा माणसांच्या वावरावरून ओळखता येते: पोहण्याची राखीव जागा, उडी मारायच्या फळीखालचा तळ, होडीत चढायचा धक्का. थंड पाण्यात बोटे आकसतात, अंगठ्या सुटतात. शोध कंबरभर पाण्यातून काठाकडे येत, दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणून, पट्ट्यापट्ट्याने करावा. सोन्याची घनता पाण्याच्या १९ पटीहून जास्त असल्याने मऊ गाळात ते हळूहळू उतरत कठीण चिकणमातीच्या थरावर थांबते. गाळ हातभर जाड असेल तर अंगठी चकतीच्या आवाक्याबाहेर जाते. वाळूचा किंवा खड्यांचा तळ म्हणूनच जास्त फळतो.

संकेत मिळाल्यावर खरी कसोटी लागते. पाय पडताच गाळ उसळतो आणि पुढचे काम आंधळेपणाने चालते. जागेवर पायाचा अंगठा ठेवून उभे राहायचे, लांब दांड्याचा भोकाभोकांचा स्कूप त्याच्या पुढ्यात रोवायचा, उचललेला गाळ तरंगत्या चाळणीत धुवायचा आणि खड्डा पुन्हा तपासायचा. आवाज गेला तर वस्तू चाळणीत आहे. आवाज सरकला तर ती खड्ड्याच्या कडेने घसरली. घाईत स्कूप आडवा घातला तर अंगठी वाकते. पाण्याची पातळी उतरलेल्या काळात काठाचा उघडा, ओला तळ धुंडाळणे मला या साऱ्यापेक्षा शहाणपणाचे वाटते: डोळ्यांना दिसते आणि वस्तूची इजाही टळते.

मासेमारीचे गळ आणि फुटक्या काचा यांमुळे जाड तळाचे बूट आणि हातमोजे आवश्यक. उतार एकदम खोल होतो तेथे एकट्याने जाऊ नये. स्वित्झर्लंडच्या सैन्याने थुन आणि ल्युसर्न या सरोवरांत दारूगोळा बुडवला होता. अशा ठिकाणी लांबट, जड लोखंडी संकेत खणू नये, जागा लक्षात ठेवून पोलिसांना कळवावे.

पुरातत्त्व आणि कायदा

जमिनीतल्या वस्तूची किंमत तिच्या धातूपेक्षा तिच्या जागेत असते. इंग्लंडमध्ये १९९२ मध्ये एक हरवलेला हातोडा शोधताना हॉक्स्नचा रोमन ठेवा सापडला. शोधणाऱ्याने थोडे खणून हात आवरला आणि कळवले, म्हणून चौदा हजारांहून जास्त नाणी आणि दागिने कोणत्या पेटीत, कसे रचले होते ते पुरातत्त्वज्ञांना पाहता आले. तलावात ही जबाबदारी वाढते. प्राणवायू नसलेल्या गाळात लाकूड, कापड आणि धान्य हजारो वर्षे टिकते. आल्प्सभोवतीच्या सरोवरकाठी खांबांवरच्या घरांच्या प्रागैतिहासिक वस्त्या अशाच टिकल्या. २०११ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. तेथे काशाची एक टाचणी उपसताना स्कूप ज्या लाकडातून जातो ते परत मिळत नाही.

कायदे देशागणिक वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने ठेवा १४ दिवसांत कळवावा लागतो. अमेरिकेच्या संघीय जमिनीवरून १०० वर्षांहून जुन्या पुरावस्तू परवान्याशिवाय काढता येत नाहीत. आयर्लंडमध्ये पुरावस्तू शोधण्यासाठी परवानगीविना डिटेक्टर वापरणे हाच गुन्हा आहे. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला देण्यास सांगतो. तलावाचा तळ सहसा कोणाच्या तरी मालकीचा असतो. पाण्यात उतरण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.

निगा

काम संपल्यावर यंत्र स्वच्छ पाण्याने धुवून, चकतीचे आवरण काढून त्यात अडकलेली वाळू झटकावी. झाकणे पूर्ण कोरडी झाल्यावरच उघडावीत, ओ-रिंगला सिलिकॉनचे वंगण लावावे. दुसऱ्या तलावात जाण्यापूर्वी बूट, स्कूप आणि चाळणी नीट वाळवावीत, कारण झेब्रा शिंपल्यासारख्या उपद्रवी जीवांच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या ओल्या सामानावरूनच एका जलाशयातून दुसऱ्यात पोहोचतात.