गंधार कुणाचा धरायचा?

आषाढातली संध्याकाळ होती आणि बेळगावचा पाऊस दिवसभर थांबला नव्हता. टिळकवाडीतल्या एका जुन्या घराच्या सोप्यात सहा जण वाद्यं लावून बसले होते. तानपुरा, व्हायोलिन, तबला, क्लॅरिनेट, माणसाहून उंच डबल बास आणि एक इलेक्ट्रिक कीबोर्ड. तबलजी शहापूरचे, एकादशीला भजनात पखवाजही वाजवणारे. क्लॅरिनेटवाले काका निपाणीकडचे, त्यांची हयात लग्नाच्या बँडमध्ये गेलेली. बास वाजवणारा मुलगा खानापूरचा, गोव्यात जाऊन शिकलेला. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून मला कोपऱ्यातली खुर्ची आणि चहा मिळाला होता.

यमन राग सुरू झाला. व्हायोलिनचा गंधार, म्हणजे ग, सुरेल होता. क्लॅरिनेटचाही होता. कीबोर्डवाल्यानं सा-ग-प एकदम दाबले आणि सोप्यातला प्रत्येक जण किंचित चुळबुळला. कुणी चुकलं नव्हतं, तरी गंधार खुपत होता. क्लॅरिनेटवाले काका म्हणाले, "पेटी लावून घे की रे." मुलगा म्हणाला, "काका, हिला लावायला खुंटीच नाही."

असा लहान संच नवा नाही. युरोपात दरबारातल्या किंवा घरातल्या दालनात मोजक्या वादकांनी वाजवायचं संगीत ते चेंबर म्युझिक. एका वाद्याला एक वादक, समोर काठी हलवणारा संचालक नाही. या घडणीत जाझ आणि इतर देशांचं संगीत मिसळणारे संच साधारण १९७० पासून नावारूपाला आले. अमेरिकेत १९७० मध्ये जमलेल्या 'ओरेगॉन' या चौघांच्या संचात ओबो, गिटार आणि डबल बास यांच्या शेजारी सतार आणि तबला होता. ते वाजवणारा कॉलिन वॉलकॉट सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँकडे शिकला होता. आपल्याकडे जास्त ओळखीचा 'शक्ती' हा संच: जॉन मॅकलॉक्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन, विक्कू विनायकराम. या सगळ्यांना आपल्या सोप्यातला प्रश्न पडला असणार. वाद्यं वेगवेगळ्या खंडांतली असतील, तर गंधार कुणाचा धरायचा?

हिशेब सोपा व्हावा म्हणून आपल्या संगीताच्या पुस्तकांत असतो तसा सा २४० हर्ट्झचा धरू. म्हणजे तार सेकंदाला २४० वेळा थरथरते. कानाला सर्वांत गोड लागणारा शुद्ध गंधार सा-च्या सव्वापट असतो, ३०० हर्ट्झ. कीबोर्ड मात्र असा विचार करत नाही. त्यानं सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९५ पट असते. त्याचा फायदा मोठा आहे. काळी चारपासून सुरू करा की पांढरी एकपासून, सगळं सारखंच वाजतं. पण या वाटणीत गंधाराच्या वाट्याला ३०२.४ हर्ट्झ येतात.

अडीच हर्ट्झनं काय बिघडतं? कुठलीही तार एकच सूर काढत नाही. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे उपस्वर त्याच वेळी निघत असतात. २४०च्या सा-चा पाचवा उपस्वर १२०० हर्ट्झ. शुद्ध गंधाराचा चौथा उपस्वर ४ गुणिले ३००, म्हणजे तोच १२००. दोघं एकमेकांत विरघळतात. कीबोर्डच्या गंधाराचा चौथा उपस्वर मात्र जवळजवळ १२०९.५ येतो. असे दोन सूर एकत्र वाजले की आवाज त्यांच्या फरकाइतक्या वेळा चढतो-उतरतो. शालेय पुस्तकात यांना विस्पंद म्हणतात. इथं ते सेकंदाला साडेनऊ होतात, आणि कानाला ती घरघर खुपते. पंचमाचं, म्हणजे प-चं, बघा: कीबोर्डचा पंचम खऱ्या पंचमापासून इतका कमी ढळलेला असतो की सव्वा सेकंदात एक हलकी लाट येऊन जाते. ती कुणाला त्रास देत नाही, उलट जरा ऊबच आणते. म्हणून भांडण पंचमावरून होत नाही, गंधारावरून होतं.

तानपुरा जवळ असला की हे भांडण आणखी वाढतं. खर्जाची तार नीट लागली, की न छेडलेला गंधार तिच्यातून आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो खर्जाचा पाचवा उपस्वर असतो. साध्या तारेत तो असतोच, पण क्षीण. तानपुऱ्यात तो वर येतो तो जवारीमुळे. घोडी रुंद आणि किंचित उतरती असते, तार तिच्यावर टेकत-सुटत थरथरते आणि मधे सरकवलेला दोरा ती टेकण्याची जागा नेमकी करतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याचा अभ्यास मांडला. जो उपस्वर निघायलाच नको अशा बिंदूवर तार छेडली तरी तो तानपुऱ्यात ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं. तारेबद्दल तोवर मान्य असलेल्या यंग-हेल्महोल्ट्झ नियमात हे बसत नव्हतं. आमच्याकडचे बहुतेक तानपुरे मिरजेहून येतात. तिथले कारागीर भौतिकशास्त्राचं नाव न घेता दोरा केसभर सरकवतात आणि तार बोलायला लागली की हात काढतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला घरातल्या कुणाचं नाव पेपरात आल्यासारखा आनंद झाला.

तर तानपुरा सतत ३००चा गंधार सांगतोय आणि कीबोर्ड ३०२.४चा. डबल बासही तानपुऱ्याच्या बाजूचा आहे. त्याच्या जाड तारेवर ६० हर्ट्झचा सा घेतला तर पाचवा उपस्वर बरोबर ३०० येतो. खानापूरच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्यानं एकच तार ओढून कान बासच्या लाकडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

हा वाद या मुलखाला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी १९१० मध्ये सप्तकातल्या बावीस श्रुतींचं, म्हणजे सूक्ष्म सुरांचं, गणित प्रसिद्ध केलं. मिरजेत राहणारे अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा त्यांना आधार होता. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशांच्या साथीनं श्रुतींची पेटीही तयार झाली. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. बंदीमागच्या आक्षेपांत एक मुद्दा सुरांच्या या सारख्या वाटणीचा होता, दुसरा मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, न निघण्याचा. बंदी १९७१ मध्ये सैल झाली. आक्षेपात भौतिकशास्त्र होतं हे मी मान्य करतो, पण शिक्षा फार मोठी होती. कारण त्याच काळात कागवाडला जन्मलेले पंडित रामभाऊ विजापुरे बेळगावात पेटी वाजवत आणि शिकवत होते. त्यांची पेटी ऐकलेल्या माणसाला त्या वाद्यात गाणं नाही असं म्हणवणार नाही.

शिवाय पेटीला खुंटी नसली तरी सूर हलवता येतो. आतली पितळी पट्टी टोकाशी खरवडली की वजन कमी होऊन सूर चढतो, बुडाशी खरवडली की ताठपणा कमी होऊन उतरतो. पेटी दुरुस्त करणारे हे बारीक कानशीनं करतात. गंधाराची पट्टी बुडाशी थोडी घासली तर तो तानपुऱ्याला मिळेल. मात्र मग सा बदलला की तीच पट्टी दुसऱ्या स्वराच्या जागी येऊन खुपेल. संचातल्या कीबोर्डला ही सोयही नव्हती. महागड्या कीबोर्डमध्ये असते, या मुलाच्या नव्हती.

यातून वाट जाझनं दाखवली. अमेरिकेत साठच्या दशकात जाझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत मॅकॉय टायनर पियानोवर सा-ग-प सारखा तीन सुरांचा नेहमीचा मेळ टाळून मध्यमाच्या, म्हणजे सा ते म एवढ्या, अंतरानं सूर रचायचा, एकावर एक. कोल्ट्रेनला आपल्या संगीताची इतकी ओढ होती की १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्यानं रविशंकरांवरून रवी ठेवलं. अशा रचनेत सप्तकाच्या सारख्या वाटणीचा दोष जवळजवळ दिसत नाही. २४०चा सा आणि कीबोर्डचा मध्यम यांच्यात सेकंदाला जेमतेम एक विस्पंद होतो. यमनात शुद्ध मध्यम नाही, पण रे-प-सा ही जुळणी त्याच अंतरांची आहे आणि रागाला धक्का लावत नाही. कीबोर्डवाल्यानं सा-ग-प सोडून रे-प-सा धरले आणि गंधार व्हायोलिनसाठी मोकळा ठेवला. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट हवं तिथं बसतं. मॅकलॉक्लिननं 'शक्ती'साठी गिटारच बदलून घेतली होती. तिच्या पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं होतं, म्हणजे तार खाली दाबून मींड काढता येईल.

हे बोलणं चालू असताना वीज गेली. पावसाळ्यात आमच्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही. कीबोर्ड मुका झाला, बाकीचे वाजवत राहिले. मी फोनवरचं सूर मोजणारं ॲप मघापासून व्हायोलिनसमोर धरलं होतं. सप्तकाचे १२०० भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट. कीबोर्डचा गंधार ४०० सेंटवर असतो, शुद्ध ३८६वर. दिवे होते तोवर व्हायोलिनचा काटा या दोहोंमध्ये कुठेतरी भटकत होता. अंधारात दोन-तीन आवर्तनांत तो खालच्या आकड्याजवळ येऊन हेलकावायला लागला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. विलंबितात हे घडतं, कारण लांब सुरात कानाला विस्पंद मोजायला वेळ मिळतो. द्रुत तानेत सूर दशांश सेकंदात निघून जातो, तिथं चौदा सेंटचा फरक कुणाच्या ध्यानात येत नाही.

दिवे येईपर्यंत तबलजी हातोडी काढून तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकत होते. गठ्ठा खाली गेला की वादी ताणली जाते आणि पुडीचा सूर चढतो. पावसाची दमट हवा चामड्यात मुरते, चामडं सैलावतं, आणि दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, तासाभरात उतरतो. तबला संचात इतका महत्त्वाचा का, याचं उत्तर त्याच्या शाईत आहे. साध्या ताणलेल्या गोल चामड्याचे उपस्वर १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे असतात, म्हणून बहुतेक ढोलांचा आवाज येतो पण सूर येत नाही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं, की मधोमध थरावर थर देऊन घोटलेली शाई चामड्याचं वजन असं वाटते की उपस्वर पूर्ण पटीत येतात, तारेसारखे. रामन यांना पहिले पाच उपस्वर तसे सापडले. म्हणून 'ना' वाजला की त्यात सा ऐकू येतो. पश्चिमेच्या ड्रमसेटला संचाच्या स्वराशी नातं ठेवावं लागत नाही, तबल्याला ते टाळता येत नाही. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक थापतात, तिथंही वजनाचाच खेळ आहे, फक्त दर वेळी नव्यानं.

क्लॅरिनेटचं दुखणं उलटं. हवा तापली की ध्वनी वेगानं धावतो आणि नळीचा सूर चढतो, अंशाला सुमारे तीन सेंट. पाच अंश वाढले तर हिशेबानं पंधरा सेंट होतात, म्हणजे जवळपास गंधाराच्या वादाएवढाच फरक. तारा मात्र तापल्या की पसरून उतरतात. फुंकरीनं गरम होणारं क्लॅरिनेट वर, तारा आणि चामडं खाली. काकांनी न विचारता वाद्याचं वरचं नळकांडं दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढलं, नळी लांबली, सूर खाली आला. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्याचा परिणाम होतो का, असं त्यांनी मला विचारलं. होत नाही. हवा विरळ झाल्यानं ध्वनीचा वेग बदलत नाही, तापमानानं बदलतो.

मग प्रश्न उरला समेवर एकत्र येण्याचा. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. मोठ्या वाद्यवृंदात दोन टोकांच्या वादकांत पंधरा-वीस मीटर असतात, म्हणजे पन्नासेक मिलिसेकंद. तिथं कानावर विसंबून चालत नाही, संचालकाची काठी बघावी लागते, कारण प्रकाशाला तेवढा उशीर होत नाही. लांबून टाळ्या वाजवण्याच्या प्रयोगांत विलंब वाढत गेला तशी लय रेंगाळत गेली, आणि पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पलीकडे एकत्र वाजवणं जिकिरीचं होतं. लॉकडाऊनमध्ये फोनवर भजन म्हणायचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांना हे आठवत असेल. टाळ तिकडे वाजायचा, इकडे पोचेपर्यंत पुढचा चरण सुरू झालेला असायचा.

सोप्यात सहा जण तीन मीटरांत होते, तरी सगळ्यांची बसण्याची जागा भिंतीला धरून होती, लग्नाच्या पंगतीसारखी. मी फक्त एवढं सुचवलं, की तबला आणि बास शेजारी बसवा. दोघं लय धरणारे. मग त्यांनी सतरंजी मध्ये ओढली आणि घोड्याच्या नालाच्या आकाराचा अर्धगोल केला. क्लॅरिनेट बाहेरच्या टोकाला, तानपुरा सगळ्यांच्या मागे, जिथून तो प्रत्येकाला सारखा ऐकू जाईल. वीज परत आली. कीबोर्डवाल्यानं डावा हात मांडीवर ठेवला, उजव्यानं रे-प-सा धरले आणि व्हायोलिननं यमनाच्या गंधारावर बोट टेकलं.